मानाखातर पडणारी माणसं

मोठ्या माणसाचा मान राहावा म्हणून तुम्ही कधी आपणहून जमिनीवर लोळण घेतली आहे का? लगेच नाही म्हणू नका. जपानमधल्या तानाबेच्या त्या दोजोत, म्हणजे आयकिडो या कुस्तीसारख्या विद्येच्या आखाड्यात, ही रीतच होती, आणि तेत्सुजी कुवाबाराला तिचा पत्ताच नव्हता.

तेत्सुजी दिवसभर उमेची आंबट, आलुबुखारासारखी फळं मिठात मुरवायचा आणि संध्याकाळी हाकामा, म्हणजे पायघोळ विजार, चढवून आयकिडोच्या चटईवर उभा राहायचा. त्याचे केस त्या चटईवरच पिकले. आता म्हाताऱ्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, नवख्यांचा वर्ग त्याच्या हवाली केला होता. जन्मभर त्याने याच दिवसाची वाट पाहिली होती.

पहिला धडा पावलांचा.

"पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. पुढच्या पावलावर वळायचं आणि मागचा पाय गोल फिरवून आणायचा. हाताने ओढाओढी नको, समोरच्याला पाडतात ते आपले पाय. हिसाए-सान, माझं मनगट धरा."

हिसाए बंदरावर मासळी विकायची. तिचा पहिलाच दिवस. तिने मनगट धरलं. तेत्सुजी सरकला, वळला. बाई जागची हलली नाही.

"इतकं घट्ट नका धरू."

"सैल धरलं की बांगडासुद्धा पळतो," हिसाए म्हणाली.

त्याने पुन्हा केलं. या खेपेला त्याचाच तोल गेला.

"झालं का?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.

कुणी हसलं नाही, आणि तेच तेत्सुजीला खटकलं. भिंतीशी त्याचा जुना जोडीदार नाकाई बसला होता. तो खाली मान घालून चटईची काडी उपटत होता.

"नाकाई, इकडे ये. धर. आणि पडू नकोस."

नाकाईने कोपऱ्यात बसलेल्या सेन्सेईंकडे पाहिलं. मग धरलं. तेत्सुजी वळला. वर्षानुवर्षं ज्याला त्याने पानासारखं उडवलं होतं, तो नाकाई खांबासारखा उभा.

तेत्सुजीने विचारलं, "कधीपासून?"

"तुमचा गुडघा आखडला तेव्हापासून. टाच उचलली जाते, दादा. मागचा पाय मागेच राहतो."

"आणि तू पडत राहिलास?"

"सगळेच पडायचे. तुम्हाला कोण सांगणार?"

"सेन्सेई, तुम्ही?"

"तुझ्या हाकाम्याच्या घोळाखाली पाय दिसत नव्हते," म्हातारा म्हणाला. मग नजर चुकवून, "दिसत होते."

तेत्सुजी तसाच उभा राहिला. आजवरची एकेक फेक त्याच्या डोळ्यांपुढून जात होती, आणि त्यातली खरी कुठली हे त्याला सांगता येईना.

मग त्याने हाकाम्याचा घोळ वर ओढून कमरेत खोचला. सुजलेला गुडघा आणि ती टाच सगळ्यांना दिसू लागली. वर्गापुढची जागा सोडून तो नवख्यांच्या रांगेत जाऊन हिसाएसमोर उभा राहिला.

"धरा. बांगड्यासारखं. आणि टाच उचलली की ओरडा."

त्याने पाऊल सरकवलं.

"उचलली," हिसाए म्हणाली.

"पुन्हा धरा."

आता तुम्हाला सांगणं एवढंच: तुमच्या घरात, संघटनेत, कचेरीत ज्याच्यासाठी तुम्ही आजवर मुकाट लोळण घेत आलात, त्याचं मनगट उद्या घट्ट धरा. आणि कृपा करून उभे राहा.