बाईंचा तरुण संघ

कुणी काही विचारलं की बाई आधी आपली खुर्ची मागे सरकवत आणि म्हणत, "मी कशाला? तू सांग ना." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामचुकार असतात. बाईही त्यातल्याच, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

कारण बिरवाडीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ तोवर मीच चालवत होतो. गाणी माझी, संदेश माझा, प्रार्थनाही माझीच. मग बाई महाडच्या शाळेत बदलून आल्या, पाळकांनी संघ त्यांच्याकडे सोपवला आणि माझ्या वाट्याला सतरंज्या आल्या. जळलो हो मी!

एका रविवारी बाईंनी पोलादपूरकडच्या एका मुलीला साक्ष द्यायला सांगितली. ती कारखान्यात पॅकिंगला होती, मैत्रिणीबरोबर नुकतीच येऊ लागली होती. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं, ही आमची साक्ष. तिला ठाऊक होती ती महाडच्या कोर्टातली. पोरगी रडकुंडीला आली. "बाई, मी काय बघितलंच नाय! मला नका अडकवू."

सगळे हसले. साक्षीचा अर्थ समजावायला मी बायबलातल्या वचनांसकट उठलो. बाईंनी मला हातानेच खाली बसवलं.

"बरोबर आहे तुझं," त्या तिला म्हणाल्या. "बघितलंयस तेवढंच सांग."

"मी तापानं पडलेली, तेव्हा हिनं माझे कपडे धुतले," ती मैत्रिणीकडे बोट दाखवून म्हणाली. "माझी आय हितं नाय. येवढं बघितलंय."

पुढचा रविवार हीच चालवेल, असं बाईंनी जाहीर करून टाकलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटी मी विचारलंच, "बाई, माझ्यात काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. तू जरा जास्तच आहेस. बाकीच्यांना जागाच उरत नाही."

पुढे बाईंची पुन्हा बदली झाली. आता माझ्याशिवाय आहे कोण, म्हणून त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा गेलो. लोकांनी वाट पाहावी अशी इच्छा होती. तर गाणी होऊन गेली होती आणि ती मुलगी संदेश देत होती. अडखळत, पण देत होती.

पूर्वी एकदा माझी दाढ सुजली तेव्हा संघ भरलाच नव्हता, आणि मला केवढा अभिमान वाटला होता! बाई गेल्या, आणि कुणाचं काही अडलं नाही. मी मागे जाऊन बसलो. बाईंचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. डोळ्यांत पाणीच आलं.