आधी जाळी, मग कार्ड

तसनीमने आधी पाण्याची सोय केली आणि मग कार्ड शोधायला निघाली. एवढ्यावरून तिला जितकी नावं ठेवली गेली, तितकी तिने दोन स्थळं नाकारली तेव्हाही कुणी ठेवली नव्हती.

नातेखिंडीजवळ हायवेला लागून रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याची ही मालकीण. वय छत्तीस. कशेडी घाटात उकळलेला ट्रक पोलादपुरात कळशीभर पाणी पितो, कसाबसा महाड गाठतो आणि तिच्या दारात येऊन धापा टाकतो. ती रेडिएटरची जाळी उतरवते, हवा भरून टाकीतल्या पाण्यात बुडवते, बुडबुडा कुठून येतो ते बघते आणि तिथे टाका मारते. वडील, ज्यांना सगळे गनीचाचा म्हणत, गेल्यापासून नऊ वर्षं हेच; त्याआधी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली. नवा ड्रायव्हर विचारतो, "मिस्त्री कुठाय?" ती म्हणते, "समोर हाय." काही जण तरीही तिच्या मागे डोकावतात. ती खुशाल डोकावू देते. दमले की आपणच गाडीचं बॉनेट उघडतात.

अशा बाईला कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम खेळायचा होता, आणि तोही तीन स्क्रीन लावून. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हसू आलं. पण जिने हजारभर ट्रकांची पोटं उघडली आणि जिला एकाही ड्रायव्हरने "बस, चालवून बघ" म्हटलं नाही, तिने दुसरं काय खेळावं, भातुकली?

तीन स्क्रीनवर चित्र उमटवायचं तर दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते तव्यासारखं तापतं. शौकीन लोक त्याचे पंखे काढून त्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतात, ठोकळ्यातून पाणी फिरवतात आणि ते पाणी छोट्या रेडिएटरमध्ये गार करतात. हा रेडिएटर म्हणे विकत मिळतो. तसनीमला हे ऐकून रागच आला. रेडिएटर, आणि तिने विकत आणायचा? तिने भंगारातल्या जुन्या जीपच्या हीटरची तांब्यापितळेची जाळी काढली, दोन दिवस धुतली, तोंडं नव्याने जोडली आणि टाकीत बुडवली. एक बुडबुडा आला नाही. तांब्याचा ठोकळा पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुना मिळाला.

मोबाइलवर अशा लोकांचा एक ग्रुप होता. तिथे तिने फोटो टाकला आणि विचारलं, हा ठोकळा कुठल्या कार्डावर बसेल? एका दीडशहाण्याने लिहिलं, "मॅडम, आधी कार्ड घेतात, मग त्याच्या मापाचा ठोकळा. तुम्ही आधी झबलं शिवलंत, आता बाळ शोधा." खाली पन्नासेक जण हसले. तसनीमने उत्तर लिहिलं, "मी पंधरा वर्षं जळलेली इंजिनं बघते आहे. इंजिन मोठं आणि जाळी लहान, म्हणून जळलेली त्यात पुष्कळ आहेत. माझी जाळी जेवढी गरमी झेलेल तेवढंच कार्ड मी घेणार." ह्यावर मात्र कुणी हसलं नाही.

तीन आठवडे तिने मापं जुळवली. शेवटी पुण्याच्या एका दुकानात मधल्या ताकदीचं, मागच्या पिढीचं एक कार्ड सापडलं. ठोकळ्याची भोकं त्याच्याशी तंतोतंत जुळत होती आणि गरमी तिच्या जाळीच्या आवाक्यात होती. दुकानदाराला तिने सांगितलं, बाजूला ठेवा, शुक्रवारपर्यंत कळवते. आणि गुरुवारी दुपारी कुवेतहून साकिब आला.

साकिब तिचा धाकटा भाऊ. त्याने दुकानातल्या टेबलावर एक खोकं ठेवलं. आत बाजारातलं सगळ्यात मोठं कार्ड होतं, तीन पंख्यांचं, विटेएवढं जाड. तसनीमचे हात शिवशिवले. खोटं कशाला सांगा, ते कार्ड बघून कुणाचेही शिवशिवले असते. तिने हात पुसले आणि ते लहान मूल घ्यावं तसं उचललं.

"तुझ्यासाठीच आणलाय, आपा," साकिब म्हणाला. मग त्याने पिशवीतून कागद काढला. "हितं सही कर. हाटेलवाला जागा घेतोय. तुझा हिस्सा तुला. घरी बस, एसी लाव, दिवसभर खेळ."

दुकानाची जागा दोघांच्या नावावर होती. तिची सही झाली असती तर दुकान गेलं असतं. साकिब वाईट नव्हता. मागे महाडला पूर आला तेव्हा ह्याच दुकानात गळ्याइतकं पाणी चढलं होतं, हे तो विसरला नव्हता. टाका मारताना लागणाऱ्या ॲसिडच्या वाफेने तिला खोकला लागतो, हेही त्याला ठाऊक होतं. पण काळजी आणि कागद एकाच पिशवीत घालून आणले की काळजीलाही कागदाचा वास येतो.

तसनीमने कागद वाचला. मग पट्टी घेऊन कार्ड मापलं आणि ठोकळा त्यावर धरून बघितला. "बसत नाय," ती म्हणाली. "आणि माझ्या जाळीच्या दुप्पट गरमी हाय ह्याची."

"ठोकळा दुसरा पाठवतो. जाळी पण नवी पाठवतो."

"ठोकळा येल. जाळी येल. दुकान कुठनं पाठवशील?"

"अगो आपा, तुझ्या भल्याचंच बोलतोय मी. किती दिवस ट्रकवाल्यांचं पाणी उपसशील?"

"उपसायचं बंद करीन तेव्हा तुला कळवीन." तिने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. कार्ड मात्र टेबलावरच राहू दिलं. "आता एक सांग. कागद नसताना हा कार्ड मला देतोस काय? देत असशील तर ठेव. ह्याच्यासाठी मी मोठी जाळी बांधीन, माझ्या हातानं. तुझं नाव घेऊन खेळीन."

बाहेर एक डंपर घरघरत गेला. मग साकिबने कार्ड खोक्यात घातलं, वरची पट्टी नीट चिकटवली आणि खोकं काखेत मारलं.

तसनीमला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तो ठेवून जाईल असं तिला खरंच वाटलं होतं. कार्डाचं दुःख तिला संध्याकाळपर्यंत पुरलं नसतं, पण लहानपणी तिच्या ताटातलं खाऊन मोठा झालेला भाऊ असा मोलभावाला बसला, हे तिच्या घशाखाली उतरेना. मग तिने फोन उचलून पुण्याला लावला. साकिब अजून दारातच चपला घालत होता.

"ते बाजूला ठेवलेलं कार्ड पाठवा," ती म्हणाली. "हो, तेच, लहानवालं. नाव? तसनीम गनी." पलीकडून पत्ता विचारला असावा, कारण तिने भावाकडे बघत सावकाश सांगितलं, "गनी रेडिएटर वर्क्स, नातेखिंड, महाड. घरचा नको. दुकानाचाच लिहा."