एकट्या चेहऱ्याचा बोर्ड

शिवाजी पेठेत डिजिटल बोर्डाच्या दुकानात मी डिझाइन करते. म्हणजे काय करते? तोंडं चिकटवते. वाढदिवस एकाचा आणि शुभेच्छुक चाळीस. कुणाचं तोंड शेजारच्यापेक्षा नखभर बारीक झालं की लगेच फोन, आम्ही काय पावणं हाय व्हय? मग त्याचं वाढवायचं, दुसऱ्याचं कापायचं, उरलेल्या फटीत वाघ घुसवायचा. टाचणी टोचायला जागा ठेवायची सोय नाही. वैताग आहे नुसता.

मी शिकले ते असलं नव्हतं. मी शिकले मास्तरांकडं. आमच्या गल्लीतले पेंटर, हातानं पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. पहिले सहा महिने त्यांनी मला ब्रशला हात लावू दिला नाही, खडूची दोरी मारून नुसता समास आखायला लावला. अक्षर मध्यापेक्षा जरा वर बसवलं तरच डोळ्याला मधोमध दिसतं, हे त्यांनी दाखवलं. चेहरा पाटीच्या आत बघणारा हवा, बाहेर बघणारा असला की गिऱ्हाईकाची नजरही बाहेर पळते. एकाला मोठं करायचं असेल तर बाकीच्यांनी गप बसायचं. आणि मोकळी जागा आपसूक उरत नसते, ती छाती करून ठेवावी लागते, असं ते म्हणायचे.

डिजिटल आलं आणि मास्तरांचं काम बसलं. मी पोटासाठी मशीनवर गेले. तेव्हापासून माझ्या बोर्डाखालून जाताना ते मान वर करायचे नाहीत. फार लागायचं ते. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. आपलं एकही नीट काम न बघता हे जाणार, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर राहीना. एकदा तरी त्यांनी चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला मी चौकात बोर्ड लावला. सगळा पांढरा. डावीकडं त्यांचा एकच काळापांढरा फोटो, नजर आत वळलेली. उजवीकडं काही नाही. खाली बारीक अक्षरात शुभेच्छा. पेठेत इतका देखणा बोर्ड आजवर लागला नव्हता, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

पण अक्कल कुठं गेली होती माझी? पांढऱ्या बोर्डावर एकटा चेहरा आमच्याकडं कधी लागतो, हे आठवड्याला चार श्रद्धांजल्या छापणाऱ्या मला कळू नये? बारीक अक्षरं वाचायला थांबतं कोण? सकाळी नवापासून मास्तरांच्या दारात माणसं जमली. पांढऱ्या टोप्या, हातात हार. इचलकरंजीहून त्यांचे मेहुणे रडतच आले आणि उंबऱ्यातूनच त्यांनी मास्तरांच्या बायकोला, काकींना विचारलं,

"माती किती वाजता हाय?"

आत मास्तर जागे होते. त्यांनी ते ऐकलं.

मी धावत गेले, त्यांचे पाय धरले. काकी माझ्याकडं बघेनात. मास्तरांनी मात्र मोबाइलवर बोर्डाचा फोटो मागितला. बोटानं मोठा करून कडेपासून कडेपर्यंत पाहिला. समास पाहिला, नजर पाहिली. मला अजून आशा होती.

"उतरव," ते म्हणाले. "दुसरा कर. तोंडं भर समदी."

मी म्हटलं, मास्तर, तुम्हीच तर मला हे शिकवलंत.

"शिकवलं की. चुकलं माझं," ते म्हणाले. "मला जित्ता दिसायचं हाय, पोरी."

मग मी दुकानात येऊन तोंडं भरली. गल्लीतली, तालमीतली, मेहुण्यांचंसुद्धा. मधे मास्तर, भोवती झेंडूची झालर, वर सोनेरी अक्षरं. काम करताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. दुपारी बोर्ड चढला. काकींनी त्यांना मोबाइलवर दाखवला.

"आत्ता झ्याक झालं," ते म्हणाले. वीस वर्षांत माझ्या कामाला त्यांनी चांगलं म्हटलं ते एवढंच.