पहिल्या पंगतीची गरम हुग्गी

माझ्या बापाला नाव होतं, पण गावात ते कुणी वापरत नसे. म्हणून मीही इथं कुणाचं नाव लिहीत बसत नाही. ज्याला वाजंत्री हवी तो मांगवाड्याच्या तोंडाशी उभा राहून "अरे हलगीवाल्या" म्हणायचा. ज्याला दोर हवा तो "अरे दोरवाल्या". आणि निजामाच्या मोगलाईतला गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, गावात मुक्कामाला आला की नुसतं "अरे". तिन्ही हाकांना बा सारखाच पळायचा. गिरदावराची वळकटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला पोचवायची आणि उपाशीपोटी परत यायचं, ही वेठ. तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

खायचे हाल होते. लग्नात बा दिवसभर हलगी बडवायचा आणि सगळ्यांची जेवणं उरकली की माय पातेलं घेऊन मांडवाच्या मागं उभी राहायची. उरलंसुरलं त्यात पडायचं. आमच्या लोहाऱ्याच्या बाजूला लग्नात हुग्गी करतात, म्हणजे खपली गव्हाची गूळ घालून शिजवलेली खीर. ती आमच्या घरी येईपर्यंत इतकी घट्ट झालेली असायची की माय उलथन्यानं तिचे तुकडे पाडून वाटायची. हुग्गी ही कापून खायची वस्तू आहे, असं मी बरीच मोठी होईपर्यंत खात्रीनं समजत होते.

सोलापूरकडं इंग्रजांचा मुलूख होता. तिकडून मिशनचे एक पाळकसाहेब सायकलीवर आमच्याकडं येऊ लागले. पहिल्याच दिवशी ते बाला म्हणाले, "तुम्ही बसा ना." बानं मागं वळून पाहिलं. मागं बाभळीला बांधलेली शेळी होती. आपल्याला कुणी 'तुम्ही' म्हणतंय हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

वर्षभरात आम्ही बाप्तिस्मा घेतला. का घेतला, असं लोक मला अजून विचारतात आणि विचारतानाच उत्तर तयार ठेवतात: कपडे मिळाले असतील, धान्य मिळालं असेल. मिळालं असतं तर घेतलं असतं, आम्ही काय नको म्हणणारे होतो का? पण पाळकसाहेबांच्याच सदऱ्याला दोन्ही कोपरांवर ठिगळं होती. माय सरळ सांगायची, "ह्या देवाच्या घरात आत बोलवतात, म्हणून गेलो."

आत बोलवत होते, पण बा आत जायला तयार नव्हता. पत्र्याची एक खोली, तिला आम्ही मंदिर म्हणायचो. रविवारी बा सगळ्यांच्या आधी जाऊन पोचायचा. चटया झटकायचा, रांजण भरायचा, अंगण झाडायचा आणि उपासना सुरू झाली की दाराबाहेर पायतणांजवळ बसायचा. पाळकसाहेबांनी आत बोलावलं तर म्हणायचा, कुणीतरी पायतणं बघाय पाहिजेत. अख्ख्या मंडळीत चोराला उचलावंसं वाटेल असं पायताण एकच होतं, पाळकसाहेबांचं, आणि त्याचाही अंगठा बानंच दोरीनं बांधून दिलेला होता.

माय चिडायची. घरी आल्यावर म्हणायची, तुमचं बघून लोक उद्या पोरीलाही पायतणांपाशी बसवतील. बा ऐकून घ्यायचा आणि दोर वळायला बसायचा.

मग नाताळ आला. पाळकसाहेब स्वतः आमच्या दारात आवतन द्यायला आले. उपासना झाल्यावर प्रीतिभोजन आहे, घरातल्या सगळ्यांनी यायचं.

बानं विचारलं, "हलगी घेऊन येऊ का नुसतं?"

"नुसतं या."

बानं विचार केला. "नुसतं म्हंजे दोर घेऊन?"

"जिवाला घेऊन जावा," माय आतनं म्हणाली.

तरी बानं हलगी नेलीच. अंगणात काट्याकुट्यांचा जाळ करून ती शेकून, कातडं ताठ करून ठेवली, ऐनवेळी लागली तर असावी म्हणून. मोठी पातेली लोहाऱ्याच्या कल्हईवाल्या चाचांनी दिली होती. आपली पातेली आपल्या नजरेसमोर असावीत म्हणून चाचाही आले होते आणि हुग्गीचा वास सुटल्यापासून त्यांनी पातेल्यांवरची नजर काढली नव्हती.

उपासना संपली. चटया अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. मंडळी बसली, चाचा बसले, माय आणि मी बसलो. मायच्या शेजारची पत्रावळ तेवढी रिकामी. बा आडावर पाणी शेंदत होता. रांजण तर काठोकाठ भरलेला होता.

पाळकसाहेबांनी स्वतः वाढायला घेतलं होतं. हातात पळी घेऊन ते दारात गेले आणि म्हणाले, तुम्ही बसल्याशिवाय प्रार्थना होणार नाही, आणि प्रार्थनेशिवाय पहिला घास नाही.

पंगतीत चुळबूळ सुरू झाली. सकाळपासून मोठ्या माणसांपैकी कुणी जेवलं नव्हतं. एकजण म्हणाला, बस की गड्या, आमचा जीव जातोय. चाचांनी तर हातच जोडले. "बैठ जाव ना भई. तू नै बैठा तो ये पाद्रीसाब हमको बी नै खाने देंगे."

बा घागर घेऊन दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. इतके दिवस मला वाटायचं की तो बुजतो. त्या दिवशी कळलं की तसं नव्हतं. तो रागावलेला होता.

"साहेब, तुमी माझ्याकडनं काय बी काम घेतलं न्हाय," तो म्हणाला. "फुकट खायला मी भिकारी हाय का? गावात उष्टं खाल्लं, पण हात दुखंपतूर बडवून खाल्लं."

माझ्या बापापाशी अख्ख्या जन्माची एवढीच काय ती शान होती, आणि ती तो खाली ठेवायला तयार नव्हता.

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पळी केली. "आज सकाळी हिला भाकर दिली का?"

"दिली."

"काय काम केलं हिनं?"

बानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. "काम कसलं? घागर फोडली की तिनं."

"मग भाकर कशापायी दिली?"

बा एकदम तडकला. "कशापायी म्हंजे? माझी लेक हाय ती."

एरवी पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की पोरं पेंगायची. त्या दिवशी मात्र ते पळी घेऊन नुसते उभे राहिले. बा पण उभा. आपण काय बोललो ते त्याला हळूहळू पोचत असावं. चाचा खाली बघून दाढीत हसत होते.

"बसा आता," माय म्हणाली. "पोरगी भुकेली हाय."

बानं घागर दाराशी ठेवली, हात धोतराला पुसले आणि येऊन बसला. कसं बसायचं ते त्याला कळत नव्हतं. आधी उकिडवा बसला, मग मायकडं बघून मांडी घातली. प्रार्थना झाली. पत्रावळीवर हुग्गी पडली, पातळ, वाफाळलेली, वर तुपाची धार. आणि माझ्या बानं तीन बोटं भरून मोठा घास उचलला आणि तोंडात घातला. हुग्गी गरम असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो ओरडला नाही. पण चेहरा तांबडा झाला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. घास गिळला आणि दुसरा उचलला. तोही फुंकर न घालता.

त्या दिवशी बा रडला असं मंडळीतले लोक पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. बा शेवटपर्यंत म्हणायचा, जीभ पोळली होती. मी शेजारीच होते आणि माझीही जीभ पोळली होती, त्यामुळं मी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही.

शेकून ठेवलेली हलगी त्यानं जेवणानंतर वाजवली. कुणी वाजव म्हटलं नव्हतं. चाचा पातेली गोळा करायचं सोडून ऐकत बसले.

त्या उन्हाळ्यात गावात पाटलांच्या घरी लग्न होतं. बानं हलगी वाजवली. माय पातेलं घेऊन गेली नाही. पाटलांच्या माणसानं हटकलं, खिरिस्ताव झालास म्हणून लई मोठा झालास व्हय? बा म्हणाला, "न्हाय जी. गरम खायची सवय लागली." आणि हलगी खांद्याला लावून घरी आला. घरी नुसती भाकर आणि ठेचा होता. पण भाकर तव्यावरची होती.

पुढं मोगलाई गेली, वेठ गेली. मी मिशनच्या शाळेत शिकले, वसतिगृहात राहिले आणि बी.ए. झाले. आमच्या सात पिढ्यांत कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. निकाल घेऊन मी धाराशिवहून मोटारीनं आले ते हवेतच. बा दोर वळत होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. नापास झाली असतीस तर काय घरात घेतलं नसतं?" आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं, धर म्हणून. मला तेव्हा चांगलाच राग आला होता. दोर मात्र धरला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे आणि ते मी अजूनही सगळ्यांना सांगते. पण माझ्या आधी माझा बाप पहिल्या पंगतीत बसला, आणि त्यानंतर आमच्या घरात उष्टं आलं नाही.