अक्षरी महिना

कसबा पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातले कारकून वहीत महिना नेहमी अक्षरी लिहीत. पेशंटना ऑपरेशनच्या तारखेच्या चिठ्ठ्या छापून देणारा तिथला कॉम्प्युटर प्रोग्राम माझा. त्या वहीचं मला हसूच यायचं.

मग मी प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती बसवली आणि ती अमेरिकी पद्धतीने तारखेतला पहिला आकडा महिना म्हणून वाचू लागली. पाच मार्चची ऑपरेशनं चिठ्ठ्यांवर तीन मेची झाली. कारकुनांनी वहीशी ताडून पाहिलं, आधी पेठेत घरोघर पायी जाऊन खऱ्या तारखा सांगितल्या, मग मला फोन केला.

"अहो, नवीन तुमचं झालंय. पेशंट आमचे जुनेच आहेत."

चूक मी त्याच दिवशी दुरुस्त केली. पुढे आईच्या मोतीबिंदूची छापील चिठ्ठी आणायला गेलो. कारकुनांनी ती उलटी करून पेनाने तारीख लिहिली, महिना अक्षरी. घरी आईला मी मागचीच बाजू वाचून दाखवली.