पावणेदोन अंशांची मेहेरबानी

चष्म्याच्या काचा घासण्यात त्याचा हात धरणारा शहरात दुसरा नव्हता. पाव नंबराचा फरक तो नुसती काच डोळ्यांपुढे हलवून सांगायचा. दुकानातल्या कारागिराचं काही चुकलं, की गिऱ्हाइकासमोरच त्याची बिनपाण्यानं करायचा. लोक त्याला ‘पारा’ म्हणायचे ते निम्मं या रागामुळे आणि निम्मं गच्चीवरच्या तापमापकामुळे. एकतीस वर्षं रोज सकाळी सातला तो गच्चीवरच्या पांढऱ्या जाळीच्या पेटीपुढे उभा राहून रात्रीचं किमान तापमान वहीत उतरवत आला होता. लेकीचा जन्म झाला, आई गेली, पण खाडा नाही. नऊ वर्षांपूर्वी स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस बायकोला वर पाठवलं आणि घरी आल्यावर तिच्या चारही आकड्यांपुढे ‘अंदाजे’ असा शेरा मारला.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर हवा मंडळ भरायचं. पारा आणि शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर, या दोघांनी ते काढलेलं. सात-आठ माणसं आपापले आठवड्याचे आकडे वाचून दाखवायची, मास्तर ते मोठ्या रजिस्टरात लिहून घ्यायचे. रजिस्टर मास्तरांच्याच घरी असायचं.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, पंखेसुद्धा गरम हवा फेकत होते तेव्हा, अचानक वारं फिरलं. आभाळ झाकोळलं, आणि लोकांनी पेटीच्या तळाशी गेलेले स्वेटर बाहेर काढले. पाचव्या दिवशी सकाळी पाऱ्यानं वाचलं ते तेरा पॉइंट चार. त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उन्हाळ्यातला आजवरचा नीचांक चौदा पॉइंट आठचा, तोही त्याच्याच वहीतला, बावीस वर्षांपूर्वीचा.

“अहो, चहा निवतोय,” खालून बायको म्हणाली.

“निवू दे! आज सगळंच निवलंय!” तो वरून ओरडला. इतक्या खुशीत त्याला तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शनिवारी माडीवर नुसता कल्ला होता. कुणी म्हणे समुद्रावरचं वारं, कुणी म्हणे डोंगरावरच्या गारा. पारा शेवटपर्यंत गप्प बसला आणि मग उभं राहून त्यानं आपला आकडा वाचला. टाळ्या पडल्या. औषधाच्या दुकानातली बाई मंडळात नवीन होती. मास्तरांचा मनगटाचा सांधा धरला होता म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच ती रजिस्टर लिहायला बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं,

“सर, काकांच्या आकड्यात ते पावणेदोन आत्ताच मिळवू, की तुम्ही नंतर मिळवता?”

एकदोघांनी आपापल्या वह्यांत डोकं घातलं.

“कसले पावणेदोन?” पारा म्हणाला.

“काही नाही रे, ते आपलं...” मास्तर उठू लागले. पण तोवर त्यानं रजिस्टर ओढून घेतलं होतं. पान उलटलं, आणखी उलटलं. त्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी बारीक पेन्सिलीनं दुसरा आकडा होता, अलीकडे पावणेदोननं वाढवलेला, मागे जावं तशी वाढ कमी होत गेलेली. सहा वर्षं मागेपर्यंत.

रजिस्टर मिटून तो निघाला. घरी आला, गच्चीवर गेला, पेटी उघडून तापमापक काढला आणि कामाच्या टेबलावर भिंगाखाली धरला. किमान तापमापकात पारा नसतो, रंगीत स्पिरिट असतं, आणि ते जुनं झालं की थोडंथोडं उडून वरच्या टोकाला जमतं. पितळी पट्टीच्या आड, ती सोडवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, तो थेंब बसला होता. तेवढ्यानं खालची रेघ तोकडी झाली होती. म्हणजे तेरा पॉइंट चार खोटं. खरं पंधराच्या वर. नीचांक वगैरे काही नव्हताच.

ते एक वेळ त्यानं गिळलंही असतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यानं मंडळात चौदा पानी निबंध वाचला होता: आपल्या वस्तीतल्या पहाटा वर्षागणिक थंड होत चालल्या आहेत, आणि त्याची कारणं. झाडं, तलाव, वाऱ्याची दिशा. सगळ्यांनी मन लावून ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. मास्तर उठून म्हणाले होते, “फार मोलाचं काम आहे हे.”

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. त्यानं त्यांना बस म्हटलं नाही.

“कळलं कसं तुला?”

“शेजारच्या सगळ्या आकड्यांशी ताडून पाहिलं. तुझाच तेवढा घसरत होता.”

“मग सांगायला जीभ झडली होती?”

मास्तर उभेच राहिले. “ड्रायव्हरचं आठवतंय?”

आठवत होतं. बस चालवून निवृत्त झालेला साधा माणूस. त्यानं तापमापक उन्हाच्या भिंतीवर टांगला होता, म्हणून पाऱ्यानं भर सभेत त्याची वही हातात घेऊन म्हटलं होतं, “ही वाणसामानाच्या पुड्या बांधायला द्या.” ड्रायव्हरनं वही परत घेतली, नीट पिशवीत ठेवली, आणि तो पुन्हा कधी माडी चढला नाही.

“तुला सांगायचं तर तू त्याला सुनावलंस त्याच तोंडानं सांगावं लागलं असतं,” मास्तर म्हणाले. “मला नाही जमलं. पहिलं वर्ष गेलं, मग दुसरं. मग सांगण्यात अर्थच उरला नाही.”

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

मास्तर दुखरं मनगट चोळू लागले.

“निबंधाच्या दिवशीसुद्धा?”

“टाळ्या खोट्या नव्हत्या रे. तू खपून लिहिलं होतंस.”

“लहान पोराला म्हणतात तसं,” पारा म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. मास्तर निघून गेले.

बायको म्हणाली, “मित्र म्हणून झाकलं हो त्यांनी.”

“तुलाही ठाऊक होतं?”

“मला काय कळतंय त्यातलं? माझे आकडे अंदाजे.” तिनं ते अगदी शांतपणे म्हटलं, आणि तेव्हा त्याला कळलं की हा शेरा ती नऊ वर्षं मनात धरून होती.

नवा तापमापक त्यानं आणला नाही. मंडळाच्या वार्षिक अहवालात थंडीची ती लाट आली, औषधवाल्या बाईच्या यंत्राच्या आकड्यांनिशी. प्रत कुणीतरी त्याच्या दारात ठेवून गेलं. ती त्यानं उघडली नाही.

लाट ओसरली, ऊन पुन्हा भाजू लागलं. एकदा चौकात सिग्नलपाशी मास्तर आणि तो समोरासमोर आले. तीस वर्षं दोघं भेटले की हवेखेरीज दुसरं बोलले नव्हते. घरचं, मुलांचं, दुखण्याखुपण्याचं असं काही त्यांच्यात कधी निघालंच नव्हतं, आणि आता ते कुठून सुरू करावं हे दोघांनाही कळेना.

“ऊन फार आहे आज,” शेवटी मास्तर म्हणाले.

“असेल,” पारा म्हणाला, आणि दिवा हिरवा व्हायची वाट न बघता रस्ता ओलांडून गेला.