निसळ सरांचं दोन इंजिनांचं विमान

केडगावच्या सुमंत निसळ सरांनी आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना इंजिनं शिकवली आणि निवृत्त झाल्यावर दोन इंजिनांचं, रिमोटवर उडणारं विमान बांधलं. सहा फूट पंखांचं. दर रविवारी सकाळी ते श्रीमंतच्या माळावर जायचं. श्रीमंत हा सरांचा जुना विद्यार्थी. आता शेती करतो. तो शेपूट धरून बसायचा आणि सर दोन्ही इंजिनं एका सुरात आणायचे. इंजिनाच्या फेऱ्या मोजायचं यंत्र खिशात असायचं, पण भरवसा कानावर. "डावं मागं पडतंय," म्हणत ते इंधन कमीजास्त करायची सुई किंचित फिरवायचे, की दोन आवाजांचा एक आवाज व्हायचा.

त्यांची बायको लीना चहाचा थर्मास घेऊन सोबत यायची. दिवाळीपासून सरांनी विमानाच्या कसरती सोडल्या होत्या. नुसते जवळच्या जवळ फेरे. "वय झालं," ते म्हणायचे. तिनंही ते मानलं होतं.

माघातल्या एका रविवारी विमान वर असताना डावं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. सरांनी ते सगळ्यांच्या आधी ओळखलं. अशा वेळी चालू इंजिन विमानाला गरकन फिरवून आपटतं, म्हणून त्यांनी उजवंही लगेच मंद केलं. विमान सावरलं, आवाज न करता तरंगत येऊ लागलं.

"सर, बाभळीकडं चाललंय! वळवा की!" श्रीमंत ओरडला.

लीनानं नवऱ्याकडे पाहिलं. सरांचं तोंड भलतीकडेच होतं. रिकाम्या आभाळात ते विमान शोधत होते.

"उजवीकडे!" ती ओरडली. सरांनी तसंच वळवलं. पण विमान समोरून येत होतं. तिचा उजवा हात म्हणजे विमानाची डावी बाजू. तिला हे ठाऊक होतं, घाईत विसरली. फांद्या कडाडल्या.

श्रीमंत तिकडे धावला.

"कधीपासून?" लीनानं विचारलं.

"दिवाळीपासून कडेचं दिसत नाही. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू इथं येऊ दिलं नसतंस."

ते खरंच होतं. मग ती म्हणाली, "बाजू मी चुकीची सांगितली."

"असू दे गं."

श्रीमंत मोडका सांगाडा घेऊन आला. "जोडू की सर. इंजिनं धड हायेत."

सरांनी पंख मुळापासून टोकापर्यंत चाचपला. "इंजिनं तू ठेव. तेल सोडत जा अधूनमधून, नाहीतर गंजतील."

"आन् तुमी?"

गाडीपाशी आल्यावर सरांनी किल्ली लीनाच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूचं दार हातानं शोधू लागले.

पुढच्या रविवारी सात वाजता ते बूट घालून ओट्यावर येऊन बसले. लीनानं चहा थर्मासात भरला नाही, कपातच दिला. बऱ्याच वेळानं त्यांनी बूट काढले.